स्वभाव, खाणं आणि तब्येत: तरुण मुलींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घराबाहेर राहणाऱ्या मुली, त्यांच्या आया आणि कधीकधी त्यांच्या रूममेट यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. त्यातल्या बहुतेकांत ‘माझा स्वभावच तसा आहे’ हे वाक्य कुठेतरी असतं. स्वभावाचा वाटा किती, भुकेचा किती, मेसच्या वेळापत्रकाचा किती आणि रक्तातल्या लोहाचा किती, हे वेगळं करून पाहिलं की मुली स्वतःला उगाच दोष देणं थांबवतात. त्यासाठी ही उत्तरं. कोणताही प्रश्न स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. स्वभावाचा खाण्याशी खरंच संबंध असतो, की हे राशिभविष्यासारखंच काहीतरी आहे?

संबंध असतो आणि तो मोजलेलाही आहे. मानसशास्त्रात स्वभावाचे पाच पैलू धरून अभ्यास केला जातो: शिस्तशीरपणा, हळवेपणा (काळजी, राग, उदासी किती पटकन येते), माणसांत मिसळण्याची ओढ, दुसऱ्याचं मन राखण्याची वृत्ती आणि नव्या अनुभवांची उत्सुकता. हे पाचही प्रत्येकीत असतात, फक्त कमी-जास्त. शिस्तशीर माणसं जेवणाच्या वेळा पाळतात आणि भाज्या-फळं जास्त खातात. हळव्या स्वभावाच्या माणसांचं मन बिघडलं की खाणंही बिघडतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये सुमारे दोन हजार लोकांची दशकानुदशकं नोंद ठेवली गेली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सर्वांत उतावळ्या दहा टक्के लोकांचं वजन सर्वांत कमी उतावळ्या दहा टक्क्यांपेक्षा सरासरी दहा-अकरा किलोंनी जास्त निघालं.

पण हे आकडे गटाचे आहेत. एका मुलीकडे बघून ‘ही उतावळी, म्हणजे हिचं वजन वाढणार’ असं म्हणता येत नाही. घरातलं जेवण, हातातले पैसे, झोप, आजार यांचा वाटा एकेका मुलीच्या बाबतीत स्वभावापेक्षा मोठा असू शकतो.

२. माझा स्वभाव नेमका कोणता, हे कसं ओळखायचं? ऑनलाइन चाचणीत मला स्वभावाची चार अक्षरं (INFP सारखी) मिळाली आहेत.

चार अक्षरांच्या चाचण्या माणसाला या नाहीतर त्या कप्प्यात टाकतात. प्रत्यक्षात बहुतेकजणी मधे कुठेतरी असतात, त्यामुळे काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की अनेकदा अक्षर बदलतं. खाण्याच्या सवयींसाठी तिचा फारसा उपयोग नाही.

त्यापेक्षा तुम्ही खाता कशामुळे, हे पाहा. नेदरलँड्समध्ये १९८६ साली तयार झालेली ३३ प्रश्नांची एक प्रश्नावली आजही संशोधनात वापरतात. ती खाण्याच्या तीन तऱ्हा वेगळ्या करते: मन भरून आलं म्हणून खाणं, समोर दिसलं किंवा वास आला म्हणून खाणं आणि खावंसं वाटत असताना स्वतःला रोखून धरणं. आठवडाभर वहीत इतकंच लिहा: खायच्या आधी भूक होती का, सोबत कोण होतं, मनात काय चाललं होतं. कॅलरी लिहू नका. आठवडा संपता संपता आपली तऱ्हा बहुधा दिसायला लागते.

३. मी फार शिस्तीची आहे. अलार्म, टाइमटेबल, डब्यात मोजून दोन पोळ्या. म्हणजे माझं बरोबर चाललंय ना?

बहुतेक बाबतीत हो. २००४ साली १९४ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा शिस्तशीर माणसं व्यसनं, बेदरकारपणे गाडी चालवणं आणि अरबट-चरबट खाणं यांपासून जास्त लांब राहतात असं दिसलं. कॅलिफोर्नियात १९२०च्या दशकात निवडलेल्या हुशार मुलांच्या गटाचा पुढे आयुष्यभर मागोवा घेतला गेला. त्यातही लहानपणी ज्यांना आईवडील-शिक्षकांनी जबाबदार म्हटलं होतं, ती माणसं जास्त जगली.

शिस्त आणि परिपूर्णतेचा हट्ट यांतला फरक मात्र ओळखायला हवा. शिस्तशीर मुलीचा व्यायाम एक दिवस चुकला, तर ती दुसऱ्या दिवशी करते. परिपूर्णतेचा हट्ट असलेल्या मुलीचा चुकला, तर ती रात्रीचं जेवण टाळून त्याची शिक्षा भरते. दहा हजार पावलं पूर्ण करण्यासाठी रात्री अकरा वाजता हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारणं, मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक खावा लागेल म्हणून न जाणं, तापातही जिमला जाणं, ही त्या हट्टाची लक्षणं आहेत. ती ओळखीची वाटली तर कॅलरी मोजणारं ॲप महिनाभर फोनमधून काढून टाका आणि काय वाटतं ते पाहा. ते काढण्याच्या नुसत्या विचारानेच धास्ती वाटत असेल, तर प्रश्न १४ वाचा.

४. टेन्शन आलं की मी खात सुटते. माझ्या बहिणीच्या मात्र घशाखाली घास उतरत नाही. एकाच घरात असं कसं?

दोन्ही नेहमीच्याच प्रतिक्रिया आहेत. अचानक मोठा ताण आला की शरीर पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीत जातं, पचन मंदावतं आणि भूक मरते. ताण आठवडे-महिने रेंगाळला की कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढलेलं राहतं आणि गोड-तेलकट खावंसं वाटू लागतं. कोणाच्या बाबतीत काय होईल, हे स्वभाव, लहानपणी रडल्यावर हातात काय मिळालं ते आणि सध्या पोट किती रिकामं आहे, यांवर ठरतं.

यातलं शेवटचं कारण सगळ्यांत दुर्लक्षित आहे. पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीचा दिवस पाहा. सकाळी चहा-बिस्किट, मग अभ्यासिका, दुपारी मेसचा डबा (त्यातही भाजी आवडली नाही तर अर्धा तसाच), संध्याकाळी पुन्हा चहा आणि रात्री अकराला मॅगी, फरसाण, चॉकलेट जे हाताला लागेल ते. ती सांगते, ‘मी इमोशनल ईटर आहे.’ मला आधी दिसते ती बारा तासांची भूक, तिच्यावर आलेला परीक्षेचा ताण नंतर. म्हणून पहिला उपाय मनावरचा नाहीच: संध्याकाळी पाच-साडेपाचला पोटभरीचं काहीतरी ठरवून खा. मूठभर शेंगदाणे आणि केळं, उकडलेली अंडी, मोड आलेल्या मटकीची भेळ किंवा दही-पोहे. रोज हे केल्यावरही रात्रीचं खाणं तसंच राहिलं, तर मग ते मनाच्या कारणाने आहे असं धरायला जागा आहे. तेव्हा खाण्याआधी दहा मिनिटं कुणाला तरी फोन करणं, चक्कर मारून येणं किंवा मनातलं लिहून काढणं यांचा उपयोग होतो. त्यानंतरही खावंसं वाटलं तर ताटलीत घेऊन, बसून खा, पाकिटातून नको.

ज्यांची भूक मरते त्यांनी दोन मोठी जेवणं रेटण्यापेक्षा थोडं थोडं आणि पातळ खावं: ताक, पेज, मुगाचं कढण, नाचणीची आंबील. परीक्षेच्या आठवड्यात तेवढं पोटात गेलं तरी चालतं. महिनाभर भूक परत आली नाही तर डॉक्टरांकडे जा.

५. दिवसभर कडक डाएट पाळते आणि रात्री एक गुलाबजाम खाल्ला की मग डबाच रिकामा होतो. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का?

इच्छाशक्ती आहे, भरपूर आहे, म्हणून तर दिवसभर उपाशी राहता येतं. बांध फुटतो तो नियमामुळे. १९७५ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या विद्यार्थिनींवर एक प्रयोग झाला. काहीजणींना आधी मिल्कशेक दिला आणि मग ‘चव सांगा’ म्हणून आइस्क्रीम हवं तितकं खायला दिलं. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, कारण त्यांचं पोट भरलं होतं. कायम स्वतःला रोखणाऱ्या मुलींनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम उलट जास्त खाल्लं. ‘आज मोडलंच आहे, तर आता काय’ हा विचार त्यांना पोटापेक्षा मोठा झाला होता. आपल्याकडची ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण याच्या अगदी जवळ जाते.

शरीराचंही एक कारण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. मनाने खंबीर म्हणून निवडलेले हे पुरुष दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. पुन्हा भरपूर अन्न मिळू लागल्यावरही काहीजण पोट भरलं तरी थांबू शकत नव्हते. अर्धपोटी माणसाचा स्वभाव कसा बदलतो, हे त्या प्रयोगाने इतकं स्पष्ट दाखवलं आहे की डाएटवर असलेल्या मुलीला ‘किती चिडकी झाली आहेस’ म्हणण्यापूर्वी घरच्यांनी तो एकदा आठवावा असं मला वाटतं.

मग करायचं काय? दिवसाचं खाणं वाढवा, विशेषतः सकाळचं. गोडाला पूर्ण बंदी घालू नका. जेवणाबरोबर एक गुलाबजाम ठरवून घ्या. आणि जास्त खाल्लं गेलंच, तर स्वतःला टाकून बोलू नका. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खाण्यावर सतत बंधन घालणाऱ्या विद्यार्थिनींना आधी डोनट खायला दिला. त्यांच्यातल्या काहींना ‘सगळेच कधी ना कधी असं खातात, मनाला लावून घेऊ नका’ असं सांगितलं. पुढे समोर ठेवलेल्या गोळ्या-चॉकलेटांपैकी याच मुलींनी कमी खाल्लं. स्वतःशी मऊ बोलल्याने शिस्त सुटते ही भीती खोटी ठरली.

६. मी संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र सगळं करते. माझ्या स्वभावाला ते मानवतं. पण हे चांगलं की वाईट?

उपवासाचं उत्तर पंचांगात नाही, तुमच्या ताटात आणि मनात आहे. ठरलेल्या दिवशी ठरलेलं पाळणं शिस्तीच्या मुलींना मनापासून आवडतं, आणि निरोगी मुलीला संकष्टीचा एक दिवस सहज झेपतो.

ताटाचं पाहू. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, त्यात प्रथिनं नावालाच असतात. खिचडीत जे काही पोषण असतं ते शेंगदाण्याच्या कुटातून येतं. बटाट्याचे वेफर्स, साबुदाणा वडा, बर्फी आणि चार कप चहा हा उपवास पोटाला आणि रक्ताला दोघांनाही जड जातो. त्यापेक्षा वरई आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, रताळं, फळं. हरतालिकेसारखा निर्जळा उपवास पाळी चालू असताना, हिमोग्लोबिन कमी असताना किंवा इन्सुलिन, मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

आता मनाचं. काही मुलींसाठी उपवास हे न जेवण्याचं घरात मान्य असलेलं कारण बनतं. आई प्रश्न विचारत नाही, उलट कौतुक करते. स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: चंद्रोदय झाल्यावर मोदक आणि वरण-भात आनंदाने खाते का, की तेव्हाही हात अडखळतो? आजारी असताना उपवास सोडावा लागला तर मनात देवाची रुखरुख असते की वजनाची? गेल्या वर्षात उपवासांची संख्या वाढत गेली आहे का? उत्तरं वजनाकडे बोट दाखवत असतील तर तो उपवास नाही, डाएट आहे, आणि प्रश्न ५ तुमच्यासाठी आहे.

७. मला नाही म्हणता येत नाही. हळदीकुंकू, डोहाळजेवण, आत्याचा आग्रह… सगळ्यांसाठी खात बसते.

दुसऱ्याचं मन राखण्याची वृत्ती हा खूप चांगला गुण आहे आणि खाण्याच्या बाबतीत तोच महागात पडतो. याचा प्रयोगही झालेला आहे: लोकांना खूश ठेवण्याची धडपड असलेल्या माणसांनी, समोरच्याला बरं वाटावं म्हणून, चॉकलेटच्या गोळ्या जास्त उचलल्या आणि नंतर त्यांना त्याची रुखरुखही जास्त लागली. तो अभ्यास अमेरिकेतला, २०१२ चा. आपल्याकडे तर आग्रह करणं हाच पाहुणचार.

नाही म्हणण्याऐवजी दुसरं काहीतरी द्या. ‘आत्या, पुरणपोळी इतकी छान झालीये, एक डब्यात बांधून द्या ना, उद्या ऑफिसमध्ये खाईन.’ आत्याचा मान राहतो. वाढणाऱ्या बाजूला गेलात तर आग्रहही कमी होतो.

याच स्वभावाची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. सगळ्यांना वाढून शेवटी बसायचं, भाजी संपली तर लोणच्याशी पोळी खायची, अंडं भावाला, दुधावरची साय बाबांना. कितीतरी समजूतदार मुली अशा वर्षानुवर्षं अर्धपोटी राहतात आणि घर त्यांच्या समजूतदारपणाचं कौतुक करतं. आयांना माझी कळकळीची विनंती आहे: मुलीचं ताट सगळ्यांबरोबर वाढा.

८. मैत्रिणींबरोबर असले की माझं खाणं दुप्पट होतं. एकटी असले की भानही नसतं.

ओळखीच्या माणसांबरोबर जेवताना जवळजवळ सगळेच जास्त खातात. बोलकी, माणसांत रमणारी मुलगी त्यात पुढे असते इतकंच. मैत्रिणी सोडू नका. भेटण्याचं ठिकाण अधूनमधून बदला: कधी मिसळ, कधी टेकडी. माणसांत रमणाऱ्या मुलींचा व्यायामही सोबत असली तरच टिकतो, त्यामुळे झुंबा, बॅडमिंटन, ढोल-ताशा पथक काहीही चालेल. एकट्या असताना जेवणाचा विसर पडत असेल तर प्रश्न १२ मधली युक्ती करून पाहा.

९. मी चार-पाचच पदार्थ खाते. नवीन काही चाखायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. नखरे आहेत म्हणतात.

नव्याची उत्सुकता कमी असणं हा स्वभावाचा भाग आहे, नखरा नाही. आवडत्या पदार्थातच छोटा बदल करा: त्याच पोळीत थोडं नाचणीचं पीठ, त्याच वरणात दुधी. एकदा नको वाटलेली चव बऱ्याच वेळा समोर आल्यावर सवयीची होते. मात्र ठरावीक स्पर्श, वास, चिकटपणा यांनी उलटी येत असेल, त्यामुळे वजन घटत असेल किंवा चारचौघांत जेवणं अशक्य होत असेल, तर तो उपचार लागणारा त्रास असू शकतो. त्यात बारीक होण्याची इच्छा मुळीच नसते, म्हणून तो सहसा ओळखला जात नाही. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

१०. सतत दमलेली असते, कशात लक्ष लागत नाही, घरचे आळशी म्हणतात. हा स्वभाव बदलायचा कसा?

आधी रक्त तपासा. या एका प्रश्नासाठी हे पान लिहिलं असतं तरी चाललं असतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात ते प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे वर्गातल्या दर दोन मुलींमागे एक. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. दम लागणं, चिडचिड, लक्ष न लागणं, हातपाय गार पडणं, केस गळणं ही लक्षणं ‘आळशी’, ‘चिडकी’, ‘वेंधळी’ या शिक्क्यांखाली वर्षानुवर्षं लपतात. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खाण्याची ओढ असेल, तर ती लपवू नका. लोहाची कमतरता असलेल्यांत ती बरेचदा दिसते. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यांना त्यात नवल वाटणार नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. पाळीत जाणारं रक्त हे या फरकाचं मुख्य कारण. अळीव, हिरव्या पालेभाज्या, कडधान्यं, मांसाहार करत असाल तर मासे-मटण-कलेजी. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली पद्धत उत्तम आहे, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतलं लोह नीट शोषलं जातं. चहा नेमका उलटं काम करतो, म्हणून जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचं अंतर ठेवा. लोखंडी कढईत भाजी करा. हिमोग्लोबिन बरंच कमी असेल तर फक्त बीट-खजुरावर भागत नाही, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्याव्याच लागतात. त्या दुधाबरोबर घेऊ नका.

हिमोग्लोबिन ठीक निघालं तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), बी-१२ (शाकाहारी मुलींनी नक्की) आणि थायरॉईड यांबद्दल डॉक्टरांना विचारा. सगळं ठीक निघालं आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. आळस हे निदान सगळ्यांत शेवटी करायचं.

११. पीसीओडी आहे. डॉक्टर वजन कमी करा म्हणतात. मी आळशी म्हणून ते होत नाही का?

पीसीओडी हा अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांचा बिघाड आहे. यात अनेकींच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद बिघडलेला असतो, त्यामुळे वजन पटकन वाढतं आणि उतरायला वेळ लागतो. बारीक मुलींनाही हा त्रास असतो. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरल्यानेही पाळी सुधारू शकते: ७० किलोच्या मुलीसाठी साडेतीन ते सात किलो. आदर्श वजन गाठण्याची गरज नाही. या मुलींमध्ये चिंता, नैराश्य आणि भसाभस खाण्याचा त्रास जास्त दिसतो, म्हणून मनाची तपासणी हा उपचाराचाच भाग असावा. उपाशी राहण्याचं डाएट इथे सगळ्यांत घातक. कारण प्रश्न ५ मध्ये.

१२. माझ्या स्वभावाला कोणती युक्ती चालेल? ठरवते पण दोन दिवसांत सुटतं.

‘मी आता नीट खाणार’ हा निश्चय सगळ्यांचाच सुटतो. त्याऐवजी ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं ठरवा: ‘अभ्यासिकेतून बाहेर पडले की आधी डबा उघडीन.’ वेळ आणि जागा आधी ठरलेली असली की ऐनवेळी विचार करावा लागत नाही. उतावळ्या आणि विसराळू मुलींना याचा उपयोग होतोच, पण त्यांच्यासाठी आजूबाजूची मांडणी आणखी महत्त्वाची आहे. फरसाणाची बरणी खोलीत ठेवू नका, फळं टेबलावर धुऊन ठेवा, जेवण ऑर्डर करण्याच्या ॲपमधून कार्डाची माहिती काढून टाका. काळजी करणाऱ्या मुलींनी एका वेळी एकच सवय धरावी. नावीन्याची आवड असलेल्यांना रोज तेच ओट्स तीन दिवसांवर झेपत नाहीत. त्यांनी दर आठवड्याला एक नवी कोशिंबीर किंवा नवं कडधान्य करून पाहावं.

आणि एकवीस दिवसांत सवय लागते हे खरं नाही. लंडनमधल्या २०१० च्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, काहींना १८ तर काहींच्या बाबतीत २५४ दिवसांचा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

१३. स्थळं बघायला सुरुवात झालीये. आई म्हणते पाच किलो कमी कर. मीच जास्त मनाला लावून घेते का?

हळव्या मुलीला हे शब्द जास्त लागतात, पण दोष तिच्या हळवेपणाचा नाही. प्रशांत महासागरातल्या फिजी या देशाच्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. तिथे भरलेलं अंग सुदृढपणाचं मानलं जायचं. तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, बारीक होण्यासाठी उलटी काढत असल्याचं ११ टक्के शाळकरी मुलींनी सांगितलं. १९९५ मध्ये अशी एकही नव्हती. तीन वर्षांत मुलींचे स्वभाव बदलत नाहीत. आजूबाजूला काय बोललं-दाखवलं जातं, ते बदललं होतं.

आईशी बोलताना आकडा हाताशी ठेवा. आपल्याकडे बीएमआय (किलोंमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) १८.५ ते २२.९ योग्य धरतात. १५५ सेंटीमीटर उंचीच्या मुलीसाठी ते साधारण साडेचव्वेचाळीस ते पंचावन्न किलो होतं. त्यात बसत असाल तर कांदेपोह्यांसाठी पाच किलो उतरवण्याला वैद्यकीय आधार नाही, असं स्पष्ट सांगा. वजन खरंच जास्त असेल तर ते तब्येतीसाठी, सावकाश, लग्नाच्या तारखेशी न बांधता कमी करा.

१४. मुलगी जेवली म्हणून खोटं सांगते, वजन उतरत चाललंय, विचारलं की चिडते. हट्टी स्वभाव आहे की आजार?

आजार समजून चला आणि लवकर दाखवा. काटेकोर, परिपूर्णतेचा हट्ट असलेल्या, कायम पहिल्या येणाऱ्या मुलींमध्ये जेवण जवळजवळ सोडून देण्याचा आजार जास्त आढळतो. भसाभस खाऊन उलटी काढण्याच्या आजारात उतावळेपणा जास्त दिसतो. पण कोणत्याही स्वभावाच्या, कोणत्याही वजनाच्या मुलीला हे होऊ शकतं. आशियातल्या काही मुली ‘मला जाड व्हायचं नाही’ असं म्हणतच नाहीत; पोट जड वाटतं, गॅस होतो, भूक नाही, एवढंच सांगतात. त्यामुळे महिनोन्महिने अ‍ॅसिडिटीची औषधं चालू राहतात.

पाळी बंद होणं, चक्कर, सतत थंडी वाजणं, अंगावर बारीक लव येणं, जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाणं, बोटांच्या मागच्या बाजूला व्रण, दातांची झीज: यांपैकी काही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बेशुद्धी, छातीत धडधड किंवा कित्येक दिवस जवळजवळ काहीच न खाणं असेल तर थेट हॉस्पिटल. बरेच दिवस उपाशी असलेल्या मुलीला घरी एकदम भरपूर खाऊ घालणंही धोक्याचं असतं. ते देखरेखीखालीच व्हावं.

बोलताना वजनाचा विषय काढू नका. ‘तू दमलेली दिसतेस, मला काळजी वाटते, आपण दोघी जाऊन येऊ,’ इतकं पुरे. कुठे जायचं कळत नसेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, मोफत आणि चोवीस तास.

१५. स्वभाव बदलतो का? की जन्मभर असाच लढा?

पाच पैलूंमधल्या माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण चाळीस ते पन्नास टक्के भाग आनुवंशिक आहे, म्हणजे उरलेला बराच मोकळा आहे. विशीपासून तिशी-चाळिशीकडे जाताना बहुतेकजण आपोआप जास्त शिस्तशीर आणि शांत होतात. २०१७ साली दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर सरासरी २४ आठवड्यांच्या उपचारांनी स्वभावात मोजता येण्याजोगा बदल झाला होता आणि सर्वांत जास्त फरक पडला होता हळवेपणात. हे कळल्यावर मुलींच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव येतो, तो मला फार मोलाचा वाटतो.

१६. हे सगळे प्रयोग परदेशातले. आपल्या मुलींना लागू होतात का?

पूर्ण नाही. बरेचसे अमेरिका-युरोपातल्या कॉलेजांमधले आहेत, आणि मिनेसोटाचा तर फक्त पुरुषांवरचा. उपासमारीत शरीर काय करतं, ते बहुधा सगळीकडे सारखंच. पण ‘शिस्तशीर मुलगी नीट जेवते’ हा निष्कर्ष अशा समाजातला आहे जिथे ती काय खायचं ते स्वतः ठरवते. आपल्याकडे भाजी आई किंवा सासू ठरवते, मेसवाले काका ठरवतात, महिन्याचे पैसे वडील पाठवतात. ज्या मुलीच्या हातात निवडच नाही तिच्या ताटावरून तिचा स्वभाव वाचू नये. प्रश्न १ मधला संबंध निवडीचं स्वातंत्र्य असतं तिथेच स्पष्ट दिसतो.

१७. मी शांत, वेळेवर जेवते, चालते, झोपते. तरी सहा महिन्यांत आठ किलो वाढले. आता काय?

औषधांची यादी काढा. काही नैराश्यरोधक, मानसिक आजारांवरची काही औषधं, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, स्टेरॉईड यांनी भूक आणि वजन वाढू शकतं. थायरॉईड मंदावल्यानेही काही किलो वाढतात. रात्रपाळी सुरू झाली असेल तर तेही नोंदवा. पाळी चुकली असेल तर गरोदरपणाची चाचणीही करा. औषधाचा संशय आला तरी ते स्वतःहून बंद करू नका, विशेषतः फिट्सचं आणि मानसिक आजाराचं. अचानक थांबवल्याने मूळ आजार उसळू शकतो. ज्यांनी लिहून दिलं त्यांच्याकडे वजनाच्या तारखा घेऊन जा आणि पर्यायी औषध किंवा डोस बदलता येईल का, हे विचारा. व्हॅल्प्रोएट चालू असेल आणि पुढे मूल हवं असेल, तर तेही त्याच भेटीत सांगा, कारण गरोदरपणात ते बाळाला अपायकारक ठरतं आणि बदल आधीपासून आखावा लागतो.